आईच्या नागिणीचे पहिले तीन दिवस

डॉक्टरांनी विचारलं, "छाले कब से हैं?" आणि आई तोंड उघडायच्या आधी मी उत्तर दिलं, "कल से."

ते खोटं होतं. फोड महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी सकाळी दिसले होते. दुसऱ्या दिवशी पूजन झालं, तिसऱ्या दिवशी विसर्जन, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो ते चौथ्या दिवशी संध्याकाळी. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. डॉक्टर गोळ्या लिहिता लिहिता म्हणाले, "अच्छा किया, टाइम पर ले आए. पहले तीन दिन में दवा शुरू हो जाए तो बहुत फर्क पड़ता है." आणि मला शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.

ती शाबासकी मी घेतली. जवळजवळ दोन वर्षं ती माझ्याकडेच राहिली.

आमचं घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. आजोबा रेल्वेच्या नोकरीत अकोल्याकडून इकडे आले, वडील सरकारी कचेरीत होते, मी नव्या रायपूरला एका ऑफिसात आहे. इतक्या वर्षांत घरातली मराठी अर्धी हिंदी झाली, पण भाद्रपदातल्या महालक्ष्म्या काही बदलल्या नाहीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, पितळेचे मुखवटे, लोखंडी कोठ्यांवर उभ्या. पूजेला मी आणि बायको बसतो. पण त्यांना साड्या नेसवायच्या त्या आईनेच, आणि स्वयंपाकाचा शब्दही तिचाच. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या. वडील गेले त्या वर्षीचा सुतकामुळे पडलेला एक खंड सोडला तर आईने एकही वर्ष चुकवलं नाही, आणि त्या एका खंडाचाही तिच्या मनात सल होता.

ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे, त्या वर्षी होळीनंतर मी आईला साखर तपासायला डॉक्टरांकडे नेलं होतं. तपासणी झाली. आई बाहेर जाऊन चपला शोधत होती, त्या दोन मिनिटांत डॉक्टर मला म्हणाले, "माताजी सत्तर पार हैं, शुगर भी है. नागिन का टीका लगवा दीजिए. दो डोज़ हैं, दो से छह महीने के अंतर से."

मी विचारलं, लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील तरीही? ते म्हणाले, होऊन गेल्या म्हणूनच. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. नसांच्या मुळाशी पडून राहतो. वय वाढलं, साखर वाढली, अंगातली ताकद कमी झाली की पन्नास वर्षांनीही उठतो आणि एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. तीच नागीण. फोड दोन-चार आठवड्यांत सुकतात, पण म्हाताऱ्या माणसाची ती नस कधीकधी महिनोन् महिने, वर्षानुवर्षं दुखत राहते. डोळ्याजवळ उठली तर नजरेलाही धोका. लस घेतली की हे होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, आणि झालंच तर सहसा इतकं जोरात होत नाही.

एवढं सगळं त्यांनी सांगितलं. मी मात्र शेवटचं वाक्य तेवढं धरलं. हात दुखेल, एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो.

पैशांची अडचण नव्हती. अडचण अशी, की त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी ऑफिसातल्या लोकांना बोलावणार होतो. नवे साहेब पुण्याचे होते. रायपूरला मराठी घर आहे, त्या घरात असा सण होतो, हे मला त्यांना दाखवायचं होतं. माझ्या डोक्यात आलं, आत्ता उन्हाळ्यात वड्या-पापड, मग पहिलं इंजेक्शन, मग दुसरं बरोबर सणाच्या तोंडावर. आई आडवी पडली तर? दोन महिन्यांनी दुसरं घेतलं असतं तर ती ज्येष्ठातच मोकळी झाली असती, हा साधा विचार मला सुचला नाही, कारण मला तो सुचायलाच नको होता. मी डॉक्टरांना म्हणालो, "त्योहार के बाद देखते हैं."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणत होते डॉक्टर?"

"काही नाही. गोड कमी खा म्हणाले."

"ते तर तूही म्हणतोस. मग फी कायची घेतली त्याने?" आई हसली आणि आम्ही घरी आलो.

आवाहनाच्या दिवशी सकाळी आईने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, "हे पाहा. पण कोणाले सांगू नको." तिने पाठमोरी होऊन पोलक्याची कड वर केली. डाव्या बाजूला, बरगड्यांखालून पाठीच्या कण्यापर्यंत लाल पट्टा उठला होता आणि त्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक फोड. आईची पाठ मी लहानपणानंतर तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"दोन दिवसांपासून नुसतं जळून राहिलं होतं," ती म्हणाली. "मले वाटलं कढईचा चटका बसला. रातीतून हे फोड. माता तर नसन ना आली?"

तिच्या माहेरी, वऱ्हाडातल्या खेड्यात, कोणाच्या अंगावर असं काही उठलं की माता, म्हणजे देवी, आली म्हणायचे आणि घरात फोडणी बंद. दाराला कडुलिंबाचा डहाळा. जिच्या अंगावर उठलं तिने चुलीकडे फिरकायचं नाही. आईला स्वतःच्या अंगावरच्या फोडांची भीती नव्हती. तिला भीती ही, की हे माता ठरलं तर आज महालक्ष्म्या कोण उभ्या करणार.

"सुनेला दाखवलंस?" मी विचारलं.

"तिले काहून दाखवू? ती मले सैपाकघरात उभी राहू देणार नाही. म्हणून तर तुले बोलावलं."

हे वाक्य मला पुष्कळदा आठवतं. बायको तिला थांबवील म्हणून आईने बायकोला टाळलं. मी थांबवणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

एका बाजूला, पट्ट्यासारखे, जळजळणारे. होळीनंतर डॉक्टर जे बोलले होते ते सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. नागीणच होती. आणि मी म्हणालो, "उष्णता असेल. एवढं काही नाही."

"तीन दिवस जाऊ दे मग. आता पुन्हा खंड नाही पडला पाहिजे."

"बरं," मी म्हणालो.

दुपारी साहेबांचा फोन आला, उद्या आम्ही अकरा जण आहोत, चालेल ना? मी म्हणालो, या, आई वाट पाहते आहे.

तीन दिवस आईने डावं कोपर अंगापासून दूर धरून काम केलं. एरवी दोन्ही देवींच्या साड्यांच्या निऱ्या ती उभ्याने, एका दमात घालायची. त्या वर्षी मध्येच खाली बसली, ओठ दाबून. बायकोने विचारलं, "आई, काय होतंय?" तर म्हणाली, "काही नाही, गुडघा." पूजनाच्या दिवशी पंगतीत साहेब दुसऱ्यांदा कटाची आमटी मागत होते. "अहो, अशी आमटी पुण्यात राहिलीच नाही आता," ते म्हणाले, आणि आई वाढायला वाकली तेव्हा तिच्या कपाळावर घामाचे थेंब मला स्पष्ट दिसले. मी समोर बसलो होतो. मी साहेबांना म्हणालो, "सर, तूप घ्या ना."

त्या पंगतीत एका सहकाऱ्याची गरोदर बायको होती. नागिणीच्या फोडांतल्या पाण्याने, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात आणि गरोदर बाईला ते धोक्याचं असतं, हे मला पुढे दवाखान्यात कळलं. आईचे फोड पोलक्याखाली झाकलेले होते, त्या बाईला काही झालं नाही. तरीही तीन आठवडे त्या सहकाऱ्याचा फोन आला की मी आधी त्याच्या बायकोची तब्येत विचारायचो. त्याला सांगून मोकळं होण्याची हिंमतही मी केली नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आईला पलंगावरून उठता येईना. तेव्हा बायकोला कळलं, तेव्हा दवाखाना, आणि तिथे ते "कल से".

गोळ्या पूर्ण घेतल्या. महिन्याभरात फोड सुकून गेले, काळपट डाग राहिले. दुखणं राहिलं. आई सांगायची, कोणी विस्तव लावतं आणि वरून सुया टोचतं. ती चोळूही द्यायची नाही, कारण हात लागणंच सहन व्हायचं नाही. पोलकं सहन होईना, साडीची किनार होईना. वडिलांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर कपाटात होतं, ते फाडून ती अंगाभोवती सैल गुंडाळायची. दारावरची घंटी वाजली की आत जायची. तिने पन्नास वर्षं याच दारात उभं राहून सगळ्या पाऱ्याशी गप्पा मारल्या होत्या.

पंख्याचा वारासुद्धा त्या जागी लागला की ती कळवळायची. रायपूरचा मे महिना कसा असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आई त्या मे महिन्यात कूलर बंद, पंखा बंद करून भिंतीशी उजवीकडे कलून बसून असायची. मी शेजारी बसून पुठ्ठ्याने तिच्या उजव्या बाजूनेच हलका वारा घालायचो. कधी हात चुकायचा. ती डोळे मिटायची.

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. त्यांनी ती झोपाळलेली राहायची, एकदा न्हाणीघरात तोल गेला. ते दर वेळी माझ्याकडे पाहून म्हणायचे, "अजीब है, दवा तो टाइम पर शुरू हुई थी." मी जमिनीकडे पाहायचो. वेळेवर सुरू झाली असती तर हे झालंच नसतं, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, हे मला आता माहीत आहे. पण खरं सांगितलं असतं तर निदान त्या माणसाला दर वेळी कोड्यात पडावं लागलं नसतं.

आणि आई आल्या-गेल्याला सांगायची, "माझंच चुकलं. मीच लपवलं तीन दिवस. देवीपायी लपवलं आणि भोगून राहिली." बायको रागवायची, "अहो आई, मला एका शब्दाने सांगायचं!" आई म्हणायची, "हव, चुकलं ना बाई." मला दाखवलं होतं, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. आणि होळीनंतर डॉक्टर काय म्हणाले होते, ते तर तिला माहीतच नव्हतं. ती सगळा दोष एकटीच्या पदरात घेऊन बसली होती आणि मी तिला वारा घालत होतो.

हळूहळू दुखणं उतरलं, पण गेलं नाही. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना साड्या काकूने नेसवल्या, आई खुर्चीवरून सांगत राहिली. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेल्यापासून ती रायपूरला लागूनच बीरगांवला मुलाकडे असते, चुलतभाऊ तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहे. वय सदुसष्ट, साखर तिलाही. आता घरचा सण तिच्या हातांवर आहे.

या वर्षी महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या तेव्हा मी काकूला स्कूटरवर बसवून बीरगांवहून आणलं. चार दिवस राहायला, तयारीसाठी. वाटेत तिची साखर दाखवायला त्याच डॉक्टरांकडे थांबलो. तपासून झाल्यावर ते चष्मा पुसत त्याच आवाजात म्हणाले, "चाचीजी को नागिन का टीका लगवा दीजिए. दो डोज़ हैं." या वेळी काकू समोरच बसलेली होती.

"बुखार आएगा क्या?" काकूने विचारलं.

"आ सकता है, एक-दो दिन."

"तो फिर त्योहार के बाद," काकू म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली.

स्कूटरवर मी म्हटलं, काकू, आजच घेऊन टाकू. ती मागून म्हणाली, "आणि मले ताप आला तर पुरणपोळ्या कोण लाटन? तुझा तो पुण्याचा साहेब?"

"पंधरा दिवस आहेत अजून. ताप दोन दिवसांत जातो."

"बाबू, पुढे पाहून चालव. बैल आहे."

घरी आल्यावर ती लगेच कामाला लागली. अंगणात पाटावर बसून चिंचेने मुखवटे घासायला घेतले. एक घासून लख्ख झाला होता, दुसरा काळाच होता. आई दाराशी खुर्चीवर होती, बायको सुपात लसूण सोलत होती. काकूने डॉक्टरांचं सगळं हसत हसत सांगितलं. आई म्हणाली, "लस असते का याची? मले नव्हतं माहीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सणानंतर घे मग. दोन आठवड्यांनी काय होते?"

मी तिथेच पायरीवर बसलो. पुढे जे बोललो ते नीट बोललो नाही, मध्येच हिंदीत गेलो, मध्येच थांबलो. पण सगळं सांगितलं. म्हणालो, आई, तुझ्यासाठीही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. तू चपला शोधत होतीस तेव्हा. मीच म्हणालो सणानंतर. मला साहेबांना जेवायला बोलवायचं होतं. तू पाठ दाखवलीस तेव्हा मला कळलं होतं नागीण आहे, आणि मी उष्णता म्हणालो. दवाखान्यात 'कालपासून आहेत' म्हणालो. तू म्हणतेस तुझं चुकलं. तुझं तीन दिवसांचं चुकलं असेल, माझं सहा महिन्यांचं आहे.

काकूचा हात मुखवट्यावर थांबला. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "तुम्हाला आधी दाखवलं होतं?" मी मान डोलावली. ती उठून आत गेली.

आईने अंगणातल्या नळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तेव्हा तू मले सांगतलं असतं, तर मी घेतली असती का लस?"

मला बोलू न देता तीच पुढे म्हणाली,

"तू म्हणशील, नसती घेतली. मीही म्हटलंच असतं, सणानंतर. आत्ताही म्हटलं ना." ती थांबली. "पण विचारायचं होतं बापा. अंग माझं होतं."

 तिने मला माफ केलं असं मला वाटत नाही, आणि तिने तसं म्हणावं अशी वाट पाहायचाही मला हक्क नाही.

मग ती काकूकडे वळली. "धाकटे, उठ. हात धू."

"आत्ता, बाई? मुखवटे?"

"देवी दोन दिवस काळी राहिली तर काही होत नाही. तुले ताप आला तर हा पोट्टा लाटन पोळ्या." माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली. "वाकड्या झाल्या तरी खाऊ. मीही येते. मले विचारायचं आहे त्या डॉक्टरले."

आईसाठी मी रिक्षा आणली. काकूला इंजेक्शन दिलं. दुसरं दिवाळीच्या मागेपुढे, डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा दंड सुजला, रात्रभर कणकण होती, तिसऱ्या दिवशी ती भाजीवाल्याशी भांडत होती.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी आईने डॉक्टरांना विचारलं, एकदा होऊन गेली तरी लस चालते का. ते म्हणाले, चालते, पुन्हा होऊ शकते म्हणून घ्यावीच. आत्ताचं दुखणं तिने जाणार नाही, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी आईचा जुना कागद पुढे ओढला आणि सवयीने वाचत म्हणाले, "आपको तो छाले निकलने के दूसरे दिन ही..."

आईने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या वेळी पाहिलं होतं तसंच, पण या वेळी पदराला हात लावला नाही.

"नहीं डॉक्टर साहब," मी म्हणालो. "मैंने गलत बताया था. चौथे दिन लाए थे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.  कागदावरचं जुनं खोडलं आणि शेजारी चार लिहिलं.

येताना रिक्षात आई मध्ये, काकू उजवीकडे. आईची डावी बाजू रिकामी राहावी म्हणून मी पुढे चालवणाऱ्याच्या शेजारी, अर्धा बाहेर. सदर बाजाराच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा आई मागून पहिल्यांदा बोलली.

"उतर आणि चिंच घे. दुसरा मुखवटा तूच घासशील."